रिकाम्या कॉम्प्युटरची इर्जिक : लोकांनी दान दिलेल्या गणितातून खरंच औषध सापडतं का?

"तुमचा कॉम्प्युटर किंवा मोबाईल रात्री नुसता पडून असतो, त्याला कामाला लावा, तो कॅन्सरवर संशोधन करेल" असं कुणी सांगितलं, तर गावाकडच्या माणसाला आधी फसवणुकीचा वास येतो. तो यायलाच हवा. "मोबाईल चार्जिंगला लावा आणि घरबसल्या पैसे कमवा" म्हणणाऱ्या ॲपच्या नादात अनेकांचे खिसे रिकामे झालेत.

पण ही गोष्ट खरी आहे. २० वर्षांहून जास्त काळ जगभरातले लाखो लोक आपल्या घरच्या कॉम्प्युटरची रिकामी ताकद संशोधकांना फुकट वापरायला देत आहेत. म्हणजे ही फसवणूक नाही. मग यातून आजारी माणसाच्या उपयोगाचं काही निघालं का, की नुसती वीज जळाली? खरा प्रश्न हा आहे.

थोडक्यात उत्तर

- संशोधनाचे निकाल खरे आहेत. ते जगातल्या नामांकित विज्ञान मासिकांत छापून आलेत आणि त्यातले काही प्रयोगशाळेतही तपासले गेलेत.
- फक्त या गणिताच्या जोरावर तयार झालं आणि आज मेडिकलच्या दुकानात मिळतं, असं औषध मात्र अजून नाही.
- या कामात भाग घेणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. पैसे देतो म्हणणारा किंवा मागणारा कुणी भेटला तर सावध व्हा.

हे आहे तरी काय?

इर्जिक आठवा. एखाद्याची नांगरणी अडली की गावातले लोक आपापली औतं घेऊन त्याच्या रानात जातात. पंधरा-वीस औतं एकाच वेळी चालतात आणि आठवड्याचं काम एका दिवसात उरकतं. मजुरी कुणी मागत नाही. सावडीसारखी फेडाफेडही नाही. शेतमालक सगळ्यांना जेवू घालतो, एवढंच.

इथे औताच्या जागी कॉम्प्युटर आहेत आणि रानाच्या जागी एक अवाढव्य गणित. संशोधक त्या गणिताचे लाखो छोटे तुकडे करतात. तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकता. तो इंटरनेटवरून एक तुकडा आणतो, कॉम्प्युटर मोकळा असताना सोडवतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढचा तुकडा घेतो. तुम्हाला स्वतः गणित यायची गरज नाही.

हीच कल्पना महाराष्ट्रात दुसऱ्या रूपात आधीच होऊन गेली आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. त्याचं तत्त्व होतं की एकाच प्रचंड यंत्राऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपायचे. फरक इतकाच की 'परम'चे प्रोसेसर एका ठिकाणी होते. इथले कॉम्प्युटर जगभरातल्या घराघरांत आहेत.

या कामातली मोठी नावं तीन. 'फोल्डिंग ॲट होम' हा प्रकल्प अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांच्या प्रयोगशाळेनं ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केला. आता ग्रेग बोमन हे शास्त्रज्ञ तो चालवतात. 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' आयबीएम कंपनीनं २००४ मध्ये सुरू केला आणि २०२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे सोपवला. तिसरा 'रोझेटा ॲट होम', तो वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचा. या तिन्हींच्या आधी, १९९९ मध्ये, 'सेटी ॲट होम' आला होता. त्यात लोकांचे कॉम्प्युटर परग्रहावरून काही संदेश येतो का ते शोधत होते. औषधाशी त्याचा संबंध नव्हता, पण लाखो अनोळखी लोक असं काम फुकट करतात हे त्यानं दाखवून दिलं.

गणित एवढं मोठं का?

आपल्या शरीरातलं जवळजवळ प्रत्येक काम प्रोटीन करतात. दुकानात डब्यात मिळते ती पावडर डोक्यातून काढून टाका. इथे प्रोटीन म्हणजे पेशीतलं बारीक यंत्र. ते २० प्रकारच्या मण्यांच्या माळेसारखं असतं. माळ तयार झाली की ती स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि एक ठरावीक आकार घेते. फेट्याचं कापड तेच असतं, पण नीट बांधला तरच तो फेटा दिसतो. प्रोटीनचंही तसंच आहे. आकार बरोबर बसला तरच ते काम करतं.

एक मणी चुकला तर काय होतं, हे नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या अनेक कुटुंबांना माहीत आहे. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिन या प्रोटीनच्या माळेत एकच मणी बदललेला असतो. तेवढ्यानं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटतं, रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि माणूस आयुष्यभर दुखणं सोसतो.

औषध बहुतेक वेळा अशाच एखाद्या प्रोटीनच्या खाचेत जाऊन बसतं आणि त्याचं काम थांबवतं. कुलपात किल्ली बसते तसं. अडचण ही की हे कुलूप स्थिर नसतं. प्रोटीन सतत थरथरतं, वळतं, उघडतं, मिटतं. सूक्ष्मदर्शकासारख्या साधनांनी बहुतेक वेळा त्याचा एकच फोटो मिळतो. हालचाल पाहायची तर कॉम्प्युटरवर त्याची हुबेहूब नक्कल चालवावी लागते. प्रत्येक अणूवर कोणत्या बाजूनं किती ओढ आहे, हे पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

एका पावलात हे गणित जेमतेम दोन-चार फेम्टोसेकंद पुढे सरकतं. एका सेकंदात किती फेम्टोसेकंद असतात? १ लिहा आणि त्यापुढे १५ शून्यं द्या. प्रोटीनची महत्त्वाची हालचाल कधी सेकंदाच्या लाखाव्या, तर कधी हजाराव्या भागात होते. आपल्याला तो क्षण वाटतो. एकट्या कॉम्प्युटरला तेवढी हालचाल मोजायला अनेक वर्षं लागतील.

संशोधकांनी यावर तोड काढली. एकच लांब सिनेमा काढण्याऐवजी हजारो छोटे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी काढायचे आणि नंतर जोडायचे. जत्रेत हजार लोकांनी मोबाईलवर दहा-दहा सेकंदांचे व्हिडिओ काढले, तर ते जोडून अख्ख्या जत्रेचा अंदाज येतो. तसंच हे. वाटून घेता येणारं काम असल्यामुळेच ही इर्जिक जमते. प्रत्येक गणित असं वाटता येत नाही, म्हणून महासंगणकांची गरजही संपलेली नाही.

कोरोनात काय झालं?

या पद्धतीची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. कोरोनाआधी 'फोल्डिंग ॲट होम'वर साधारण ३० हजार कॉम्प्युटर काम करत होते. मार्च २०२० मध्ये लोक घरात अडकले, काहीतरी करावं असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि बघता बघता हा आकडा १० लाखांच्या पुढे गेला.

सगळ्यांची मिळून ताकद सेकंदाला १ वर १८ शून्यं इतक्या गणिती क्रियांच्या पुढे गेली. त्या वेळी जगात पहिल्या नंबरवर असलेल्या अमेरिकेच्या 'समिट' महासंगणकापेक्षा ती कितीतरी पट जास्त होती. महासंगणकांच्या जागतिक यादीत एवढी ताकद असलेलं एकच एक यंत्र, अमेरिकेचं 'फ्रंटियर', २०२२ मध्ये आलं. म्हणजे सामान्य लोकांच्या घरातल्या कॉम्प्युटरांनी मिळून तो टप्पा दोन वर्षं आधी गाठला होता.

गंमत म्हणजे सुरुवातीला कामच कमी पडलं. औतं बांधावर येऊन उभी, पण कुणी कुठे नांगरायचं हेच ठरलेलं नाही, अशी गत झाली. संशोधकांचे सर्व्हर एवढ्या लोकांना तुकडे पुरवू शकत नव्हते. अनेकांचे कॉम्प्युटर काम मिळण्याची वाट पाहत बसले होते. नंतर कंपन्यांनी सर्व्हर दिले आणि गाडी रुळावर आली.

या सगळ्या खटाटोपातून कोरोना विषाणूच्या प्रोटीनच्या हालचालीची किती नक्कल मिळाली? सगळी मिळून ०.१ सेकंद. म्हणजे डोळ्याची पापणी लवते, साधारण तेवढा वेळ. ऐकायला हसू येईल, पण या क्षेत्रात तो प्रचंड मोठा साठा आहे.

'चोरखिसे' सापडले

त्या साठ्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली, विषाणूच्या अंगावरचा काटा, म्हणजे स्पाइक प्रोटीन, पेशीला चिकटण्यासाठी किती मोठं तोंड उघडतो. दुसरी जास्त महत्त्वाची. विषाणूच्या वेगवेगळ्या प्रोटीनमध्ये ५० हून अधिक लपलेल्या खाचा सापडल्या. साध्या फोटोत त्या दिसत नाहीत. प्रोटीन हलतं तेव्हा क्षणभर उघडतात आणि मिटतात. जुन्या माणसांच्या बंडीला आतून चोरखिसा असायचा, बाहेरून पत्ता लागायचा नाही. हे तसंच. जिथे खिसा आहे तिथे औषध बसवायची शक्यता आहे. हे निष्कर्ष २०२१ मध्ये 'नेचर केमिस्ट्री' या मासिकात छापून आले.

पण कॉम्प्युटरला दिसलेला खिसा खरोखर असतो का? याचं एक चांगलं उदाहरण इबोला विषाणूचं आहे. इबोलाचं 'व्हीपी ३५' हे प्रोटीन शरीराच्या संरक्षण यंत्रणेला चकवतं. त्यावर औषध बसवायला जागाच नाही, असं मानलं जायचं. बोमन यांच्या गटाला कॉम्प्युटरवरच्या नकलेत तिथे चोरखिसा दिसला. 'फोल्डिंग ॲट होम'च्या लोकांची ताकद त्यात वापरली होती. मग त्यांनी प्रयोगशाळेत खऱ्या प्रोटीनवर प्रयोग केले. खिसा खरंच उघडत होता आणि तो उघडल्यावर प्रोटीनचं काम बिघडत होतं. हा निकाल २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. आधी गणित आणि मग त्याला प्रयोगाची साक्ष, याला संशोधनात खरा निकाल म्हणतात. इबोलावरचं औषध मात्र त्यातून लगेच तयार झालं नाही. औषध कुठे बसवता येईल, त्याची जागा कळली.

पेटंट नसलेल्या औषधाचा प्रयत्न

कोरोनाच्याच काळात 'कोविड मूनशॉट' नावाचा आणखी एक उपक्रम झाला. कोरोनाचा विषाणू आपली बरीच प्रोटीनं एका लांब पट्टीच्या रूपात बनवतो आणि मग एका कात्रीसारख्या प्रोटीननं ती पट्टी कापून सुटी करतो. कात्री बंद पाडली की विषाणूची वाढ थांबते.

जगभरातल्या रसायनशास्त्रज्ञांना सांगितलं गेलं की ही कात्री अडवणाऱ्या रेणूची रचना सुचवा. १८ हजारांहून जास्त रचना आल्या. सगळ्या बनवून पाहणं परवडणारं नव्हतं. मग कोणता रेणू कात्रीत घट्ट बसेल याचा अंदाज घ्यायला इतर पद्धतींबरोबर 'फोल्डिंग ॲट होम'वरच्या लोकांच्या कॉम्प्युटरांचाही उपयोग केला गेला. शेवटी २,४०० हून अधिक रेणू प्रत्यक्ष बनवून तपासले. कात्रीला अडवणारा एक नवा प्रकार सापडला. सगळी माहिती कुणालाही वापरता येईल अशी खुली केली. त्यावर कुणाचं पेटंट नाही. २०२३ मध्ये हे काम 'सायन्स' मासिकात प्रसिद्ध झालं.

आता दुसरी बाजूही पाहायला हवी. त्याच कात्रीवर काम करणारी फायझर कंपनीची 'पॅक्सलोविड' गोळी डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत तातडीच्या वापरासाठी मंजूर झाली होती. कंपनीकडे पैसा होता, रसायनशास्त्रज्ञांची फौज होती आणि २००३ च्या सार्स साथीच्या वेळचं जुनं काम हाताशी होतं. म्हणजे रुग्णाच्या हातात पहिली गोळी कंपनीकडूनच आली. लोकांच्या गणितानं मिळालं ते वेगळं आहे. पुढच्या साथीत गरीब देशातला संशोधकही जिथून सुरुवात करू शकेल, असा खुला माहितीचा साठा त्यानं दिला.

लहान मुलांचा कॅन्सर आणि टीबी

जपानमधलं उदाहरण जास्त जवळचं वाटेल. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांना होणारा कॅन्सर. चिबा इथल्या संशोधकांनी २००९ मध्ये 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड'वर काम सुरू केलं. या कॅन्सरच्या पेशींना जगवणाऱ्या एका प्रोटीनवर कोणता रेणू बसेल, हे पाहण्यासाठी ३० लाख रेणू कॉम्प्युटरवर तपासले गेले. प्रयोगशाळेत एकेक करून तपासायचे म्हटले असते तर आयुष्य गेलं असतं. चाळणी लावत लावत ७ आशादायक रेणू उरले. ते कॅन्सरच्या पेशी मारतात असं प्रयोगशाळेत दिसलं आणि उंदरांवरही परिणाम दिसला. २०१४ मध्ये याचा शोधनिबंध आला.

३० लाखांतून ७ निवडणं, हे या पद्धतीचं खरं बळ आहे. धान्य पाखडायला सूप लागतं. पण सुपातून भाकरी निघत नाही, हेही तितकंच खरं.

टीबीचं काय? जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे आपल्याला हा प्रश्न जास्त लागतो. टीबीच्या जंतूवर मेणचट जाड आवरण असतं आणि त्यामुळे औषध आत शिरायला अडचण येते. ते आवरण समजून घ्यायला इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठानं २०१६ मध्ये 'हेल्प स्टॉप टीबी' प्रकल्प सुरू केला. त्याआधी मलेरियासाठी चालवलेल्या एका प्रकल्पात टीबीच्या जंतूचं 'इन्हा' नावाचं प्रोटीनही तपासलं गेलं होतं. टीबीचं जुनं औषध आयसोनियाझिड शेवटी याच प्रोटीनवर घाव घालतं. त्या तपासणीत ते प्रोटीन अडवणारे काही नवे छोटे रेणू सापडले आणि प्रयोगशाळेत तपासलेही गेले. पण त्यातून अजून नवी गोळी आलेली नाही. टीबीच्या रुग्णानं सरकारी दवाखान्यातून मिळणारा कोर्स पूर्ण करणं, हाच आजचा उपाय आहे.

मग औषध का येत नाही?

औषधाचा रस्ता लांब आहे. आधी आजारातलं प्रोटीन ओळखायचं. मग त्यावर बसणारा रेणू शोधायचा. तो बनवायचा, काचेच्या नळीत तपासायचा, पेशींवर तपासायचा, प्राण्यांवर तपासायचा. मग माणसांवर तीन टप्प्यांत चाचण्या. नंतर सरकारची परवानगी. याला साधारण १० ते १५ वर्षं लागतात. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या १० औषधांपैकी साधारण ९ तिथे गळतात. कधी विषारी निघतात, कधी यकृत त्यांना लगेच तोडून टाकतं, तर कधी उंदरांवर चाललेलं औषध माणसावर चालत नाही.

लोकांचे कॉम्प्युटर या रस्त्याच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर मदत करतात. पुढच्या पायऱ्यांना कॉम्प्युटर पुरत नाही. तिथे दवाखाने, रुग्ण आणि कोट्यवधी रुपये लागतात. अनेक प्रकल्पांचे रेणू अडतात ते इथेच. गणित चुकलं म्हणून नव्हे, तर पुढे नेणारं कुणी भेटलं नाही म्हणून.

म्हणून "२० वर्षांत एकही औषध नाही, म्हणजे सगळं फुकट" असं म्हणणं चूक आहे, आणि "तुमचा कॉम्प्युटर कॅन्सर बरा करतोय" असं म्हणणंही चूक आहे. 'फोल्डिंग ॲट होम'च्या कामावर आधारलेले २०० हून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झालेत. त्या कामाचं माप शोधनिबंधात आणि प्रयोगशाळेतल्या पडताळणीत मोजावं लागतं, गोळ्यांच्या पाकिटांत नाही.

घरच्या कॉम्प्युटरवरचं गणित भरवशाचं कसं?

कुणाचा कॉम्प्युटर जुना, कुणाचा तापलेला, कुणी मुद्दाम खोटं उत्तर पाठवणारा. मग विश्वास कसा ठेवायचा? अनेक प्रकल्पांत एकच तुकडा दोन वेगवेगळ्या लोकांना दिला जातो. दोघांची उत्तरं जुळली तरच ते धरतात. नाही जुळली तर तिसऱ्याकडे पाठवतात. बाजार समितीत वजनाबद्दल शंका आली की दुसऱ्या काट्यावर पुन्हा माप करून घेतात, तसंच. शिवाय शेवटचा निर्णय प्रयोगशाळेत होतो, त्यामुळे चुकीचा रेणू पुढे जाऊन गोळीत शिरण्याचा धोका राहत नाही.

एआय आल्यावर याची गरज उरली का?

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक याच क्षेत्राला मिळालं. अर्धं डेव्हिड बेकर यांना, कॉम्प्युटरच्या मदतीनं नवी प्रोटीनं घडवण्यासाठी. 'रोझेटा ॲट होम' त्यांच्याच प्रयोगशाळेचा प्रकल्प. उरलेलं अर्धं गूगलच्या डीपमाइंडमधले डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना, 'अल्फाफोल्ड' या एआयसाठी. माळेतले मणी सांगितले की अल्फाफोल्ड प्रोटीनचा आकार थोड्या वेळात सांगतो. त्यानं २० कोटींहून जास्त प्रोटीनचे अंदाजित आकार जगाला खुले करून दिलेत.

त्यामुळे नुसता आकार शोधण्यासाठी लोकांच्या कॉम्प्युटरची गरज पूर्वीइतकी राहिली नाही. पण अल्फाफोल्ड प्रामुख्यानं स्थिर चित्र देतो. प्रोटीन हलताना कुठे खिसा उघडतो, रेणू किती घट्ट बसतो, यासाठी लांबलचक गणित अजूनही करावं लागतं. कामाचं रूप बदललं, पण काम संपलेलं नाही.

'या भाजीनं कॅन्सर बरा होतो' : इथे थांबा

मोबाईलवरून पूर्वी चालणाऱ्या 'ड्रीमलॅब' ॲपची गोष्ट या बाबतीत शिकण्यासारखी आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी लोकांच्या चार्जिंगला लावलेल्या मोबाईलची ताकद वापरून अन्नातले जवळपास ८ हजार रेणू तपासले. त्यातले ११० रेणू कॅन्सरच्या औषधांशी मिळतेजुळते वाटले. २०१९ मध्ये तो शोधनिबंध आला. चहा, द्राक्षं, गाजर, कोथिंबीर, कोबी अशा पदार्थांत असे रेणू जास्त आढळले.

याचा अर्थ कोथिंबिरीचा रस पिऊन कॅन्सर बरा होतो असा होत नाही. हा कॉम्प्युटरनं बांधलेला अंदाज आहे. तो माणसांवर सिद्ध झालेला नाही. असा निकाल व्हॉट्सॲपवर "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" म्हणून आला, तर एकच प्रश्न विचारा : कुणावर तपासलं? कॉम्प्युटरवर, पेशीवर, उंदरावर की माणसावर? माणसावर तपासलं नसेल तर ते औषध नाही. त्याच्या भरवशावर चालू असलेले उपचार थांबवणं जिवावर बेतू शकतं.

भाग घ्यायचा असेल तर

- वीज : पूर्ण जोरात चालणारा कॉम्प्युटर समजा २०० वॅट वीज घेतो. रोज १० तास चालवला तर दिवसाला २ युनिट, महिन्याला ६० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ४८० रुपये. हे दान आहे, हे समजूनच द्या. शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर असेल तर परवानगी घ्या.
- मोबाईल : 'बोइंक' नावाचा प्रोग्राम ॲन्ड्रॉइडवरही चालतो. सेटिंग बदललं नाही तर तो मोबाईल चार्जिंगला असताना, वायफायवर असताना आणि बॅटरी ९० टक्क्यांच्या वर असतानाच काम करतो. तरीही फोन तापतो. जुना फोन, फुगलेली बॅटरी, उशीखाली ठेवलेला फोन असेल तर हे करूच नका.
- डाउनलोड : प्रकल्पाच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. कुणी ग्रुपवर पाठवलेली फाइल उघडू नका.
- पैसे : खरे प्रकल्प लोकांना फक्त गुण देतात, रुपये नाही. भाग घ्यायला फीही नसते. आधार, बँक खातं, ओटीपी यातलं काहीही लागत नाही. कुणी मागितलं तर तो संशोधक नाही, भामटा आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

घरात कॉम्प्युटर नसेल, विजेचं बिल आधीच जड असेल, तर यात भाग न घेतल्यानं काही बिघडत नाही. ज्यांना परवडतं, त्यांनी दिलेल्या रात्रींतून इबोलाचा चोरखिसा आणि ३० लाखांतले ७ रेणू सापडले, हे मात्र कागदावर नोंदलेलं आहे. त्या रेणूंमधून कधी गोळी होईल की नाही, हे पुढच्या चाचण्यांत ठरेल. तोवर घरात कुणी आजारी असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध वेळेवर चालू ठेवा.